न्यूट्रलच्या वाटेचे माप : ट्रान्सफॉर्मरची झीरो सीक्वेन्स चाचणी

जळालेला ट्रान्सफॉर्मर उघडायचा, कॉइली नव्याने गुंडाळायच्या, तेल गाळायचे आणि तपासून गाडीवर चढवायचा, या कामात आपल्यातील बरेच कारागीर आहेत. माल बाहेर जाण्यापूर्वी मेगर लावतात, रेशो पाहतात, नो-लोड आणि शॉर्ट सर्किट चाचणी घेतात. एवढे झाले की काम पुरे झाले असे बहुतेक ठिकाणी धरले जाते. या चारांनंतरची आणखी एक चाचणी आहे. तिचे नाव झीरो सीक्वेन्स इम्पीडन्स मोजणे. नाव जड आहे, म्हणून ती मोठ्या कंपन्यांच्या प्रयोगशाळेतली गोष्ट असा समज होऊन बसला आहे. हा समज बरोबर नाही. डिस्ट्रिब्यूशन ट्रान्सफॉर्मरच्या मापापर्यंत ही चाचणी साध्या कारखान्यात एका वेल्डिंग ट्रान्सफॉर्मरवर होते. आजच्या लेखात तिची रीत आणि तिच्या आकड्याचा अर्थ आम्ही सांगणार आहोत.

आधी ही चाचणी कशासाठी, ते पाहू. भिवंडी किंवा मालेगावच्या एखाद्या शेडमध्ये मागाच्या मोटारीची वायर घासून उघडी पडली आणि मागाच्या सांगाड्याला टेकली असे समजा. सांगाडा अर्थिंगला जोडलेला आहे. आता करंट फेजमधून सांगाड्यात, तेथून अर्थिंगच्या वायरने ट्रान्सफॉर्मरच्या न्यूट्रलला परत जाणार. हा करंट भरपूर आला तर फ्यूज ताबडतोब उडेल. अपुरा आला तर फ्यूज तसाच राहील आणि सांगाड्यात वीज खेळत राहील. मागावर हात ठेवून उभ्या असलेल्या माणसाचा जीव त्या फ्यूजच्या उडण्यावर आहे. करंट किती येणार हे वायर, अर्थिंग आणि ट्रान्सफॉर्मर या तिघांवर अवलंबून असते. त्यातला ट्रान्सफॉर्मरचा वाटा आपल्या हातचा आहे, आणि तो पूर्णपणे नेमप्लेटवर लिहिलेला नसतो.

नेमप्लेटवर ४.५ टक्के इम्पीडन्स असे असते. इम्पीडन्स म्हणजे विजेच्या वाटेतला एकूण अडथळा. पण हा ४.५ चा आकडा तिन्ही फेजवर सारखा लोड असतानाचा आहे. त्या वेळी तीन फेजचे करंट एकामागून एक चढतात-उतरतात, त्यांची बेरीज शून्य होते आणि न्यूट्रलला काही काम राहत नाही. एकाच फेजचा दोष झाला की हिशेब बदलतो. अशा वाकड्या करंटचा हिशेब कसा मांडावा याची पद्धत चार्ल्स फोर्टेस्क्यू या इंजिनिअरने १९१८ मध्ये अमेरिकेत मांडली. कोणताही असमान तीन-फेज करंट तीन सरळ गटांत फोडता येतो, हे त्याचे म्हणणे. पहिला गट नेहमीच्या क्रमाने फिरणारा, दुसरा उलट क्रमाने फिरणारा, आणि तिसऱ्यात तिन्ही फेजचे करंट एकाच वेळी चढणारे व एकाच वेळी उतरणारे. हा तिसरा गट म्हणजे झीरो सीक्वेन्स. तिन्ही फेजमध्ये तो एकाच दिशेने जातो, त्यामुळे एकमेकांना काटत नाही. तिघांची बेरीज होऊन तिप्पट करंट न्यूट्रलमधून परत येतो. न्यूट्रल नसेल तर त्याला वाटच नाही.

पहिल्या दोन गटांना ट्रान्सफॉर्मर सारखाच अडथळा करतो, तोच नेमप्लेटवरचा टक्का. तिसऱ्याला होणारा अडथळा मात्र कॉइलींच्या जोडणीवर आणि कोअरच्या घडणीवर बदलतो, कधी थोडा, कधी कित्येक पट. सगळी गोम येथे आहे.

आपल्या नेहमीच्या ११ केव्हीच्या डीपीत एचटी बाजू डेल्टा आणि एलटी बाजू न्यूट्रलसह स्टार असते, म्हणजे डीवायएन ११. एलटीच्या तिन्ही कॉइलींत एकाच वेळी एकाच दिशेने करंट गेला की डेल्टाच्या बंद कड्यात त्याला उत्तर देणारा करंट गोल फिरू लागतो. बाहेरच्या ११ केव्ही लाइनवर त्याचा मागमूस नसतो. प्रत्येक लिंबवर एलटीच्या जोराला एचटीचा जोर तोलून धरतो, आणि अडथळा जवळजवळ शॉर्ट सर्किट चाचणीत मिळतो तेवढाच राहतो. तीन लिंबच्या कोअरवर तो सहसा किंचित कमी, म्हणजे नेमप्लेटच्या साधारण ८५ ते १०० टक्के भरतो.

दोन्ही बाजू स्टार आणि एचटीचा न्यूट्रल मोकळा, अशी रचना असेल तर तोलायला कोणी नाही. तिन्ही लिंबमधला फ्लक्स एकाच वेळी वर जातो. त्याला कोअरमधून परत यायला चौथी वाट नसते, म्हणून तो योकमधून बाहेर पडून तेलातून आणि टाकीच्या पत्र्यातून परततो. येथे अडथळा ३० टक्क्यांपासून १०० टक्क्यांपर्यंतही जातो. पाच लिंबचा कोअर किंवा तीन सुटे सिंगल फेज ट्रान्सफॉर्मर असतील तर फ्लक्सला लोखंडातूनच परतीची वाट मिळते आणि अडथळा आणखी किती तरी पट वाढतो. याउलट झिगझॅग वाइंडिंगमध्ये एकाच लिंबवरच्या दोन अर्ध्या कॉइली एकमेकींना काटतात, म्हणून तेथे तो सर्वांत कमी. न्यूट्रल तयार करण्यासाठी वापरला जाणारा अर्थिंग ट्रान्सफॉर्मर झिगझॅग असतो तो याच कारणाने.

आता आकडे घालून पाहू. १०० केव्हीए, ११ केव्ही ते ४३३ व्होल्ट, ४.५ टक्के, असा ट्रान्सफॉर्मर घ्या. एलटीचा पूर्ण करंट १३३ अँपिअर, फेज ते न्यूट्रल २५० व्होल्ट. शंभर टक्के इम्पीडन्स म्हणजे ४३३ चा वर्ग भागिले १,००,०००, अर्थात १.८७५ ओहम. त्याचे ४.५ टक्के म्हणजे ०.०८४४ ओहम. झीरो सीक्वेन्सचा अडथळा ०.०७८ ओहम भरला असे धरा. एलटीच्या बुशिंगवरच फेज आणि न्यूट्रल शॉर्ट झाले तर करंट काढायची रीत अशी : फेज व्होल्टेजची तिप्पट, म्हणजे ७५०, भागिले तिन्ही गटांच्या अडथळ्यांची बेरीज. ०.०८४४ दोनदा आणि ०.०७८ एकदा मिळून ०.२४७ ओहम. उत्तर सुमारे ३,००० अँपिअर. तोच ट्रान्सफॉर्मर स्टार-स्टार असता आणि झीरो सीक्वेन्स ५० टक्के, म्हणजे ०.९४ ओहम असता, तर बेरीज १.१०७ आणि करंट सुमारे ६८० अँपिअर. नेमप्लेटवर दोघांनाही ४.५ टक्केच लिहिलेले असणार!

येथे एक गोष्ट स्पष्ट करतो. हे आकडे बुशिंगवरच्या दोषाचे आहेत. शेडपर्यंत वायर लांब असेल तर करंट बराच कमी होतो. आणि करंट वायरऐवजी जमिनीतून परत येत असेल, तेथे अर्थिंगचा रेझिस्टन्स ५ ओहम असेल, तर २५० भागिले ५ म्हणजे ५० अँपिअरच्या वर काही येणार नाही, मग ट्रान्सफॉर्मर कितीही उत्तम असो. चाचणीचा कागद दाखवून कोणी अर्थिंगच्या खर्चात काटछाट करत असेल तर त्याला हे गणित दाखवावे.

आता प्रत्यक्ष रीत. एलटीची तिन्ही फेज बुशिंगे तांब्याच्या जाड पट्टीने एकत्र जोडा. सांधे साफ करून नट घट्ट आवळा. एचटीची तिन्ही बुशिंगे मोकळी ठेवा, त्यांना शॉर्ट करू नका. जोडलेल्या तीन फेज आणि न्यूट्रल यांच्यामध्ये ५० सायकलचा सिंगल फेज पुरवठा द्यायचा आहे. व्होल्टेज अगदी थोडे आणि करंट बराच लागतो, म्हणून एसी वेल्डिंग ट्रान्सफॉर्मर कामाला येतो. त्याच्या प्रायमरीला डिमरस्टॅट लावून शून्यापासून हळूहळू चढवत न्यायचे. हल्ली दुकानात मिळणारे इन्व्हर्टर वेल्डिंग सेट बहुतेक डीसी देतात, ते येथे चालत नाहीत.

न्यूट्रलच्या वायरवर १००/५ चा सीटी आणि अँमीटर लावा, निदान चांगला टाँग टेस्टर तरी हवा. सीटीची सेकंडरी चालू करंटवर उघडायची नाही, हे जाणकारांना सांगायला नको, पण नव्या पोरांना दर वेळी सांगावे. व्होल्टमीटरच्या तारा करंटच्या वायरला न लावता स्वतंत्रपणे थेट बुशिंगच्या दांड्यावर लावा. हे फार महत्त्वाचे आहे. मोजायचे व्होल्टेज दोन-तीन व्होल्टच असते आणि एवढे तर एका सैल क्लॅम्पमध्येच पडते. चुकीचे रीडिंग येण्याचे सर्वांत मोठे कारण हेच.

करंट चढवून १०० अँपिअरवर आणा. हा न्यूट्रलचा एकूण करंट झाला, प्रत्येक फेजमध्ये त्याचा तिसरा हिस्सा, ३३ अँपिअर. टाँग टेस्टरने तिन्ही फेज तपासून पाहा, तिघे जवळपास सारखे असले पाहिजेत. डेल्टाच्या कॉइलींत या वेळी ०.७६ अँपिअर फिरत असतो आणि त्यांची क्षमता ३.०३ ची आहे, तेव्हा तापण्याची भीती नाही. व्होल्टमीटर २.६ व्होल्ट दाखवतो असे समजा.

हिशेब एका ओळीचा आहे. व्होल्टची तिप्पट करा आणि एकूण अँपिअरने भागा. २.६ गुणिले ३ म्हणजे ७.८, भागिले १००, उत्तर ०.०७८ ओहम प्रति फेज. तिप्पट का, तर अडथळा एका फेजचा हवा आहे आणि एका फेजमध्ये करंट एकूणाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढाच आहे. हा तीनचा गुणक विसरला की उत्तर तिसऱ्या हिश्श्याचे येते आणि रिपोर्ट पाहणारा इंजिनिअर तो बाजूला ठेवतो. टक्क्यांत हवे असेल तर ०.०७८ भागिले १.८७५, म्हणजे ४.१६ टक्के. नेमप्लेटच्या ४.५ शी ताडून पाहिले तर ९२ टक्के. डीवायएन ११ साठी हा अगदी अपेक्षित आकडा आहे.

रेझिस्टन्स आणि रिॲक्टन्स वेगळे हवे असतील तर वॉटही मोजावे लागतात. वॉटची तिप्पट भागिले एकूण करंटचा वर्ग, हा रेझिस्टन्स. वरच्या उदाहरणात ९४ वॉट आले तर तो ०.०२८ ओहम. साधा वॉटमीटर दोन-तीन व्होल्टवर नीट काम देत नाही, त्यासाठी डिजिटल पॉवर ॲनालायझर हवा. तो नसेल तर हा भाग सोडून द्यावा, ओहमचा एकूण आकडा तरीही उपयोगाचा आहे.

आकडा अपेक्षेप्रमाणे आला नाही तर? डीवायएन ११ ट्रान्सफॉर्मरवर तो एकदम दहा-बारा पट आला, तर डेल्टाचे कडे कोठेतरी तुटलेले आहे असे समजावे. एखादा जम्पर लागलाच नाही किंवा एका कॉइलीचे टोक सुटे राहिले. अशा ट्रान्सफॉर्मरला एचटीवर तीन फेज पुरवठा देऊन नो-लोडवर एलटी मोजले तर तिन्ही व्होल्टेज जवळपास बरोबर दिसू शकतात! कारण तीन लिंबच्या कोअरमध्ये दोन लिंबांचा फ्लक्स तिसऱ्यातूनच परततो आणि सुट्या कॉइलीच्या लिंबवर व्होल्टेज आपोआप उभे राहते. कारागिराला वाटते सगळे ठीक आहे. डीपीवर चढवल्यावर त्या फेजवर लोड पडताच व्होल्टेज कोसळते, आणि शॉर्ट झालाच तर फ्यूज उडवण्याइतका करंट तेथे मिळत नाही. कॉइलींचे रेझिस्टन्स टर्मिनलमध्ये नीट मोजले तरी हा दोष सापडतो, कारण तीन जोड्यांचे आकडे सारखे येत नाहीत. पण रेझिस्टन्स मोजायचा कंटाळा सगळीकडे आहे. एखादा सांधा फक्त कच्चा असेल, तुटलेला नसेल, तर मात्र तो रेझिस्टन्स ब्रिजवरच कळेल. झीरो सीक्वेन्सच्या आकड्यात तो बुडून जातो, तेथे या चाचणीवर विसंबू नये.

आकडा थोडाच हलला असेल, समजा ९२ टक्क्यांऐवजी ११०, तर आधी व्होल्टमीटरच्या तारा तपासा. त्या बरोबर असतील तर शॉर्ट सर्किटचा आकडा पाहा. तोही नेमप्लेटपासून दूर गेला असेल तर एलटी आणि एचटी कॉइलींमधले अंतर मूळ मापापेक्षा बदलले आहे. नवा सिलिंडर किंवा जाड कागद वापरला की असे होते.

स्टार-स्टार ट्रान्सफॉर्मरची चाचणी हीच, पण पथ्ये जास्त. तोलणारी डेल्टा नसल्यामुळे दिलेले व्होल्टेज कधीही फेज व्होल्टेजच्या वर जाऊ नये असे प्रमाण-नियम सांगतात. आमच्या मापात तर त्याच्या फार आधी करंटचीच मर्यादा येते. सगळा फ्लक्स टाकीत जातो, म्हणून पत्रा, क्लॅम्प आणि बोल्ट तापतात. रीडिंग झटपट घ्यावे आणि पुरवठा बंद करावा. येथे अडथळा करंटप्रमाणे बदलतो, तेव्हा एकच रीडिंग पुरत नाही. पूर्ण करंटच्या २५, ५०, ७५ आणि १०० टक्क्यांवर, न्यूट्रलला झेपेल तेथपर्यंत, रीडिंगे घेऊन चारही लिहावीत. आणि हा ट्रान्सफॉर्मर टाकीबाहेर काढून कधीच तपासू नये. टाकीचा पत्रा स्वतःच अर्ध्यामुर्ध्या डेल्टासारखे काम करतो, तो नसला की आकडा वेगळाच, जास्त येतो. डीवायएन ट्रान्सफॉर्मरमध्ये हा फरक किरकोळ असतो, तरी सवय टाकीत, तेल भरून तपासण्याचीच ठेवावी.

दोन्ही बाजूंना न्यूट्रल बाहेर काढलेला ट्रान्सफॉर्मर आला तर एका आकड्यावर भागत नाही. दुसरी बाजू मोकळी ठेवून एकदा आणि तिची तिन्ही फेज न्यूट्रलला शॉर्ट करून एकदा, असे दोन्ही बाजूंनी मोजावे लागते. असे काम लहान कारखान्यात क्वचितच येते.

सुरक्षिततेबद्दल. खाली २.६ व्होल्ट आहेत म्हणून वर धोका नाही असे समजू नका. एलटीच्या एका व्होल्टला एचटीच्या कॉइलीत ४४ व्होल्ट होतात. डेल्टा शाबूत असेल तर ते आतल्या आतच खर्च होतात. पण डेल्टा तुटलेली असेल तर करंट चढत नाही, आणि करंट का चढत नाही म्हणून पोरगा डिमरस्टॅट फिरवत राहतो. खाली २० व्होल्ट झाले की मोकळ्या एचटी बुशिंगमध्ये हजार व्होल्टच्या घरात वीज उभी असते. म्हणून एचटीच्या बाजूला दोर बांधा, टाकीला अर्थ करा, आणि हिशेबाने जेवढे व्होल्टेज लागायला हवे त्याच्या दुपटीच्या वर गेलात तर तेथेच थांबून पुरवठा बंद करा. एचटीला हात लावण्याआधी अर्थ रॉडने स्पर्श करावा.

धंद्याच्या दृष्टीने पाहिले तर आयएस २०२६ मध्ये ही चाचणी विशेष चाचण्यांत मोडते. म्हणजे प्रत्येक नगावर सक्तीची नाही, गिऱ्हाईक आणि पुरवठादार यांच्यात ठरले तर करायची. त्यामुळे तिचे पैसे वेगळे लावता येतात आणि कोटेशनमध्ये ती स्वतंत्र ओळीत लिहावी. मागणी कोठून येते? स्वतःचा ११ केव्ही ट्रान्सफॉर्मर बसवलेल्या कारखान्यांकडून, इस्पितळांकडून, आणि त्यांचे अर्थ फॉल्ट रिले सेट करून देणाऱ्या ठेकेदारांकडून. दुरुस्त केलेल्या ट्रान्सफॉर्मरचा मोजलेला आकडा हाती नसेल तर हा ठेकेदार अंदाजाने सेटिंग करतो, आणि पुढे रिले वेळेवर पडला नाही तर बोट रीवाइंडिंगवाल्याकडेच दाखवले जाते. वेल्डिंग सेट आणि टाँग टेस्टर बहुतेकांकडे आहेतच. नवीन खर्च तो डिमरस्टॅटचा आणि एका चांगल्या व्होल्टमीटरचा, तो भाड्यानेही मिळतो. एका नगाला जोडणी धरून अर्ध्या तासाच्या आत चाचणी होते.

रिपोर्टवर नुसता टक्का लिहून देऊ नये. ट्रान्सफॉर्मरचा अनुक्रमांक, केव्हीए, जोडणीचा गट, कोणत्या बाजूने मोजले आणि दुसरी बाजू कशी ठेवली होती, एकूण करंट, व्होल्टेज, तेलाचे तापमान, टाकीत मोजले की बाहेर, आणि ओहम प्रति फेज, एवढे सगळे असावे. त्याची एक प्रत आपल्या वहीत ठेवावी. तोच नग चार वर्षांनी पुन्हा जळून आला तर नव्या रीडिंगशेजारी ठेवायला जुने रीडिंग हाताशी असेल.